निळ्या काठाचं ताट

२९ नोव्हेंबर १९५८, अमरावती

आजपासून लिहायचं ठरलं. डायरी घरमालकांनी, पंतांनी दिली. वकील लोकांची असते तसली आहे, मागच्या सालची कोरी राहिलेली. म्हणजे तारखा बरोबर आणि वार सगळे चुकलेले. पंत म्हणाले, रोज चार ओळी लिहीत जा, अक्षर सुधारेल, त्याबरोबर माणूसही सुधारेल. हे म्हणताना ते सुपारी कातरत होते, माझ्याकडे बघत नव्हते. त्यावरून दुसऱ्या गोष्टीची त्यांना फारशी आशा नसावी.

मी शांतवन पाटोळे, नगर जिल्हा, शेवगावकडचा. पाचवीच्या वर्गातून खिडकीवाटे बाहेर पडलो तो अजून परत गेलेलो नाही. बेकरी केली, साखर कारखाना केला, मनमाडला फलाटावर चहा विकला. आई म्हणते, तुझं नाव शांतवन ठेवलं ते देवाला ऐकूच गेलं नाही. आता वर्ष झालं, सरकारी प्रचाराच्या गाडीवर हेल्पर आहे. एका जागी वर्ष म्हणजे माझ्या हिशेबानं म्हातारपण आलं. गावोगाव जाऊन आम्ही सिनेमा दाखवतो. हिरो-हिरॉइनचा नाही. एक डासांचा, एक बोंडअळीचा आणि एक विहिरीत औषध टाकण्याचा. पडदा बांधायचा, जनरेटर ओढायचा, रीळ गुंडाळायचं, ही माझी कामं. गाडी नियाजभाई चालवतात.

राहतो अंबापेठेत, मोरोपंतांच्या मागच्या खोलीत. पंत वकिलीतून मोकळे झालेत. सगळी माणसं सारखी, असं सभेत बोलतात. मी एकदा ऐकलं, फार छान बोलतात. म्हणून तर मला खोली मिळाली, नाहीतर ख्रिस्ती माणसाला या आळीत कोण देतो. पाहुणे आले की मला शांताराम म्हणतात. त्यांना तोंडात बसायला सोपं जात असेल. जेवण त्यांच्या बायकोच्या, रमाकाकूंच्या हातचं. पावसाळ्यात मला ताप भरला तेव्हा काकूंनी पेज दिली. पेजेची भाकरी झाली, भाकरीचं रोजचं जेवण झालं, आणि ते बंद करायचं कुणाला सुचलंच नाही.

माझं ताट वेगळं असतं. इनॅमलचं, पांढरं, निळ्या काठाचं. ओसरीवरच्या कोनाड्यात राहतं. तिथंच मी जेवतो, मीच घासतो, मीच ठेवतो, कुणाला त्रास नाही. ओसरीवर वारा लागतो आणि समोरच्या हॉटेलातला रेडिओ फुकट ऐकू येतो.

आज ते ताट कोनाड्यात नव्हतं. काकूंनी मला माजघरात हाक मारली, म्हणाल्या, आज अठीच बस. आणि पितळी ताटात वाढलं. इतक्यात पंत आले. त्यांनी विचारलं, "याचं ताट कुठे आहे?"

काकू म्हणाल्या, "हरवलं."

"घरातल्या घरात ताट हरवतं कसं?"

"सभेतलं भाषण घरी येईपर्यंत हरवते ना, तसंच."

पंत न जेवता बाहेर गेले. एवढ्याशा ताटासाठी माणूस उपाशी निघून जातो. वकील लोकांना वस्तू जागच्या जागी लागते, हे खरं आहे.

२ डिसेंबर

नवरा-बायकोचा अबोला सुरू झाला आहे. मला अबोला माहीत होता, आमच्याकडेही असतो, पण दोन दिवसांत भाकरी करपली की सुटतो. हा शिकलेल्या घरातला अबोला आहे. याला टपाल लागतं, आणि टपालवाला मी.

काकू पंतांपासून तीन हातांवर बसून म्हणतात, "शांतवन, त्यायले सांगजो, दळण सरलं." मी पंतांकडे वळून म्हणतो, दळण सरलं. पंत म्हणतात, "तिला सांग, मी ऐकलं." मी काकूंना सांगतो, त्यांनी ऐकलं. काकू म्हणतात, "त्यायले सांग, ऐकलं तर उठा." एवढं सगळं होईपर्यंत गिरणी बंद होते.

ताट अजून सापडलेलं नाही. भांडण नको म्हणून मी पत्रावळ आणली आणि ओसरीवर जाऊन बसलो. पंतांना बरं वाटलं असावं, पण काकू माझ्यावरच बिघडल्या. म्हणाल्या, "तुले पितळी ताट टोचते का रे?" मी म्हणालो, तसं नाही काकू, रेडिओ ऐकू येतो. त्या आत गेल्या आणि भांडी आपटली. आता या घरात तीन माणसं आहेत आणि तिघांचंही बिनसलेलं आहे.

८ डिसेंबर, परतवाडा

दौऱ्यावर. काल डासांचा सिनेमा दाखवला. लोक डास मारत मारत बघत होते.

नाताळची रजा मागितली होती, मिळाली नाही. जानेवारीत कसलंसं प्रदर्शन आहे, त्याची तयारी. म्हणजे हा पहिला नाताळ घराबाहेर. आई करंज्या करणार, बाप उपासनेत मोठ्यानं गाणार आणि सूर चुकवणार, आणि मी तिथे नाही. मन लागत नाही. नियाजभाईंचा कुणी ओळखीचा इटारसीला स्टेशनवरच्या कँटीनमध्ये आहे, तिथं माणूस हवा आहे. मी म्हणालो, जानेवारी लागली की जातो. ते म्हणाले, "जाजो. तुले बूड टेकायची सवयच नाई. पर त्या बाईच्या हातची भाकर इटारसीत भेटत नसते, एवढं ध्यानात ठेव."

ते खरं आहे. काकू आहेत म्हणून वर्षभर टिकलो.

१४ डिसेंबर, अकोला

गाडी अकोल्याला आली. काकूंनी त्यांच्या भावासाठी पापडांचा डबा दिला होता, तो द्यायला गेलो. भाऊ हरिहर, शाळेत मास्तर आहेत. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "अच्छा, तर तो तू." मी म्हणालो, हो, तो मीच. पापडाचा डबा आणणारा दुसरा कोण असणार?

चहा दिला. कप कान तुटलेला होता. मी पुष्कळ घरं फिरलो, प्रत्येक घरात एक कान तुटलेला कप असतोच, आणि नेमका मी जातो तेव्हाच तो हाताशी येतो. माझं नशीब कपांच्या बाबतीत मुळात वाईट.

हरिहरमास्तर बोलता बोलता म्हणाले, ताई सव्वीस तारखेला इकडे येते आहे. मी विचारलं, किती दिवस? ते म्हणाले, "आल्यावर मी काही परत पाठवणार नाही. एवढ्याशा गोष्टीवर तीही अडून बसली आणि तेही अडून बसले. तीस वर्षांचा संसार, आणि पाहा कशावरून." मी म्हणालो, तेच तर मी म्हणतो मास्तर, एका ताटावरून. तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच ते ताट होतो.

परत येताना गाडीत एकच हिशेब करत बसलो. काकू गेल्या की पंत खानावळीत जेवणार आणि मी इटारसीला. घराला कुलूप. आणि हे सगळं, काय ते, एका इनॅमलच्या ताटामुळे.

१६ डिसेंबर

काकूंनी माळ्यावरची ट्रंक मला उतरवायला लावली. पंत समोर वर्तमानपत्र वाचत होते. पेपर उलटा नव्हता, पण पान बराच वेळ उलटलं नाही.

काकू म्हणाल्या, "त्यायले सांगजो, मी सव्वीसला अकोल्याले चालली." मी सांगितलं. पंत म्हणाले, "तिला विचार, कधी येणार?" मी विचारलं. काकू म्हणाल्या, "त्यायले सांग, ताट सापडलं की पाहू." मी पंतांना म्हणालो, ताट सापडलं की येतील. पंतांनी तेव्हा कुठे पान उलटलं. मी तिथंच ठरवलं की ताट शोधून काढायचंच, मग सगळी अमरावती पालथी घालावी लागली तरी चालेल.

२० डिसेंबर

ताट सापडलं. आणि अमरावती पालथी घालावी लागली नाही, न्हाणीच्या मागेच होतं.

त्यात माती भरलेली, तळाला खिळ्यानं भोकं पाडलेली आणि वर हिरवागार सांभार उगवलेला. इकडे कोथिंबिरीला सांभार म्हणतात, मला ते कळायला तीन महिने लागले होते. निळा काठ मातीतून दिसत होता म्हणून ओळखलं.

आता सगळा उलगडा झाला. काकूंना कुंडी हवी होती. घाईत माझं ताट हाताशी आलं, भोकं पाडून झाली, आणि मग लक्षात आलं की हे तर शांतवनचं. आता पंतांना सांगणार कसं? म्हणून 'हरवलं' म्हणाल्या. पंत वकील, त्यांनी उलटतपासणी केली. काकू भ्याल्या आणि चिडल्या. बिचाऱ्या. एवढ्या धीराची बाई, आणि तीन आठवडे झाले, कुंडीचं गुपित पोटात घेऊन बसली आहे.

सांभाराला तांब्याभर पाणी घातलं आणि आलो. काकूंनी खिडकीतून पाहिलं. मी नजरेनंच सांगितलं की काळजी करू नका, मी कुणाला सांगत नाही. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. डास असावा.

२२ डिसेंबर

उपाय सापडला. तेच ताट नवं आणायचं. नाताळाला माणूस माणसाला भेट देतोच, मी या घराला भेट देणार. ताट परत आलं की पंतांची तक्रार संपली, काकूंचं गुपित वाचलं, अकोला रद्द.

सगळा बाजार फिरलो. हिरव्या काठाचं होतं, लाल काठाचं होतं. निळ्या काठाचं शेवटच्या दुकानात मिळालं, हुबेहूब तसलंच. नियाजभाई बरोबर होते. कशासाठी ते त्यांना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी आधी मान हलवली, मग बिडी विझवली, मग दुकानाच्या पायरीवर बसले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

"अबे, ते काय ताट हरवलं म्हून भांडून राहिले का?"

मी म्हणालो, मग कशावरून?

"तू पिक्चर दाखवाचं काम कर बेटा," ते म्हणाले. "तुले दाखवता येते, पायता येत नाई."

माणसं चांगली असली तरी जळतात कधी कधी. त्यांना हा उपाय सुचला नव्हता.

२४ डिसेंबर

आज भातकुलीत खेळ होता. सुरुवातीलाच सिनेमाच्या मशीनमधला आवाजाचा दिवा गेला. चित्र दिसतंय, बोलत काहीच नाही. भातकुलीची पोरं ओरडली, पैसे परत द्या, आणि खेळ तर फुकटचा होता. नवा दिवा नागपूरहून येणार, तो नाताळानंतर. ऑफिसला आलो तर गोदामाचा कारकून किल्लीसकट अकोल्याला सुटीवर गेलेला. नियाजभाईंच्या घरी पाहुणे भरलेले. म्हणून मशीन आणि डासांचं रीळ माझ्या खोलीत आणून टाकलं. नियाजभाई म्हणाले, "चालवू नको बरं, सरकारी हाय." मी म्हणालो, मुकं मशीन चालवून करू काय.

संध्याकाळी कामट्यांचा तारा केला, पतंगाचा कागद लावला, आणि माझ्या खोलीच्या दारात टांगला. काकूंनी विचारलं, तुमच्या सणाला काय काय करता रे? मी सांगितलं, आईच्या करंज्या, वडिलांचं गाणं. त्या ऐकत होत्या आणि ट्रंकेत लुगडी घालत होत्या. एक लुगडं त्यांनी चारदा घडी केलं.

२५ डिसेंबर

आज पुष्कळ लिहायचं आहे. पंतांना वाटेल, अक्षर बिघडलं.

सकाळी उपासनेला जाऊन आलो. गाणी तीच, पण सगळ्यांचे सूर बरोबर होते, त्यामुळे घरची फार आठवण झाली.

घरी आलो. पंत माजघरात, काकू चुलीपाशी. मी ताट कागदातून काढलं आणि दोघांच्या मध्ये पाटावर ठेवलं. म्हणालो, नाताळाची भेट. हरवलं होतं ना, हुबेहूब तेच आणलं. आता भांडण मिटवा. मी उद्यापासून यातच जेवतो, ओसरीवर. माझ्यामुळे कुणाची गैरसोय नको.

मला वाटलं होतं, दोघंही हसतील.

काकूंनी ताटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पदर डोळ्याला लावून त्या आतल्या खोलीत गेल्या आणि ट्रंकेची कडी लावल्याचा आवाज आला. पंत ताट हातात घेऊन बसले. निळ्या काठावरून बोट फिरवत राहिले.

"हे तू स्वतः आणलंस?"

मी म्हणालो, हो.

"स्वतःसाठी? वेगळं?"

मी म्हणालो, हो पंत, लाल काठाचंही होतं, पण मी म्हणालो तेच बरं. त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ उपरण्याला पुसला. अमरावतीत धूळ फार.

म्हणजे उपाय फसला. नाताळाच्या दिवशी घर स्मशानासारखं शांत. नाताळाच्या गाण्यात शांत रात्र असते, पण ती ही नव्हे. पंत एका खोलीत, काकू दुसऱ्या, मी ओसरीवर, आणि पाटावर ताट. रेडिओवालं हॉटेलही बंद.

जेवणं कशीबशी झाली. दुपारी काकू माझ्या खोलीच्या दारात आल्या. मशीनकडे पाहून म्हणाल्या, "हेच का तुयं ते? मी कधी पाहिलंच नाही. सिनेमाला न्या म्हटलं, तर तीस वर्षं तारीखच पडून राहिली." मी म्हणालो, काकू, बिघडलंय, बोलत नाही. त्या म्हणाल्या, "मग तर आमच्याच घरातलं आहे. लाव." पुढे म्हणाल्या, "त्यायले सांग, मी उद्या चालली, जायच्या आधी एक सिनेमा पाहीन म्हणते. पाहायचा असेल तर या म्हणा." मी पंतांना सांगितलं. पंत म्हणाले, "तिला सांग, घर तिचंच आहे." आणि खुर्ची उचलून स्वतःच माजघरात आले.

खिडक्यांना गोधड्या लावल्या. पडदा गाडीतच राहिला होता. पंतांनी न बोलता आपलं कोर्टातलं परीटघडीचं धोतर काढून दिलं. ते मी दोन खुंट्यांना बांधलं. काकू उंबऱ्यावर बसल्या, पंत खुर्चीत, मधे मशीन आणि मी. बटण दाबलं, आणि धोतरावर गाव उगवलं.

हा सिनेमा मला पाठ आहे. पाटलाचं घर. दारात फवारणीवाला येतो, पाठीवर पंप. सगळं घर फवारतो, पण स्वयंपाकघराच्या दारात पाटील हात आडवे करून उभा राहतो. पाटलीणबाई काहीतरी बोलते. मग पाटलाला हिवताप येतो, मग फवारणीवाला आत जातो, मग डास मरतात, मग सरकारचं चिन्ह.

पाटलीणबाईचे ओठ हलायला लागले. काकू म्हणाल्या, "ही काय म्हणून राहिली रे?" मी सांगायला तोंड उघडलं, तर म्हणाल्या, "थांब, समजलं मले. ती म्हणते, अहो, येऊ द्या त्याले आत. दारात उभं ठेवून काय फवारेल तो, तुमचं नाक?"

खुर्चीतून आवाज आला. पंत धोतराकडे बघूनच बोलत होते. "आणि तो म्हणतो आहे की आत चूल आहे, देव आहेत. हे त्यानं काढलेलं नाही. आज्या-पणज्यापासून चालत आलं आहे."

"ती म्हणते, डासही आज्या-पणज्यापासूनच चालत आला."

"तो म्हणतो, या गावात त्या माणसाला सगळ्यांच्या आधी कुणी बोलावलं? यानंच ना? लोक काय काय बोलले, ते त्यानं ऐकून घेतलं. हे ती विसरते."

"ती काहीच विसरत नाही. ती म्हणते, बोलावलं तर खरं, पण बोलावणं ओसरीपर्यंतच होतं."

मला राहवेना. मी म्हणालो, असं काही नाहीये यात. बाई एवढंच विचारते, फवारणी पुन्हा कधी होणार, आणि पाटील म्हणतो, तीन महिन्यांनी.

"तू गप्प बस," दोघं एकदमच म्हणाले. महिन्यात पहिल्यांदा दोघांचं एकमत झालं, आणि तेही माझ्यावर.

धोतरावर पाटलाला हुडहुडी भरली. त्याच्या अंगावर गोधडीवर गोधडी पडली. काकू काही बोलेनात. थोड्या वेळानं पंतच म्हणाले, "ती का गप्प आहे?"

"तिचं म्हणून झालं. पोरगं स्वतःच्या हातानं वेगळं..." काकू थांबल्या. "ती आता भावाकडं चालली."

सिनेमात बाई कुठंच जात नाही, चुलीवर पाणी तापवते. पण मी बोललो नाही. सिनेमात पोरगंही नाही.

फवारणीवाला स्वयंपाकघरात शिरला, डास मेले, रीळ संपलं. मला वाटलं, दोघांना जरा हसवावं. या मशीनला उलटं चालवायचं बटण आहे. खेड्यात साहेब नसले की आम्ही पोरांना दाखवतो. मी ते दाबलं.

मेलेले डास जिवंत होऊन उडाले. पाटलाच्या अंगावरच्या गोधड्या एकेक करून उड्या मारत खुंटीवर गेल्या. चुलीतला धूर खाली उतरला. काकू तोंडात पदर कोंबून हसायला लागल्या. पंतांची खुर्ची करकरत होती, म्हणजे तेही हसत होते. मग फवारणीवाला पाठ फिरवल्यासारखा उलटा चालत स्वयंपाकघराच्या दारापासून निघाला, माजघरातून गेला, ओसरी उतरला आणि दाराबाहेर जाऊन उभा राहिला. तेवढ्यात मशीनचा पट्टा सुटला आणि अंधार झाला.

कुणी हसेना. मी अंधारात पट्टा चाचपत होतो.

पंतांचा आवाज आला, पण तो वकिली आवाज नव्हता. "शांतवन, त्याले असं दारात सोडू नको. आत घे."

मी म्हणालो, पंत, मग पुन्हा पहिल्यापासून लावावं लागेल.

"मग पहिल्यापासून लाव. लागू दे किती वेळ लागायचा तो."

काकू म्हणाल्या, "शांतवन, त्यायले सांग..." मी कान देऊन बसलो. त्या म्हणाल्या, "नाही, राहू दे. मीच सांगते." मग घसा साफ केला. "अहो, उठा जरा. तुमचं धोतर एका बाजूनं उतरून राहिलं."

पंत उठले आणि त्यांनी धोतर सरळ केलं. टपालवाल्याची नोकरी तिथं संपली. मी पट्टा बसवला. सिनेमा आणखी दोनदा पाहिला. दुसऱ्यांदा दोघंही नुसते बघत होते. फवारणीवाला आत शिरला तेव्हा काकू म्हणाल्या, "हं."

दिवेलागणीला काकूंनी माजघरात तीन पाट मांडले. न्हाणीमागचा सगळा सांभार उपटून त्याच्या सांभारवड्या केल्या होत्या. थोड्याच झाल्या, पण तशी वडी मी जन्मात खाल्ली नाही. माझ्यापुढे पितळी ताट ठेवलं. मी माझं नवं ताट शोधायला लागलो, तर ते पंतांनी आपल्यापुढे ओढून घेतलेलं.

मी म्हणालो, पंत, ते माझं.

"नाताळाची भेट आहे ना? घराला दिलेली? मग घरातल्या कुणालाही चालते." त्यांनी त्यात भात कालवला. "हलकं आहे. मला हेच बरं."

काकूंनी त्यांच्याकडे इतका वेळ पाहिलं की वाढायची पळी तशीच हातात राहिली. मग त्यांनी त्यांच्या ताटात एक वडी जास्त वाढली. मी म्हणालो, मला एक द्या ना. पंत म्हणाले, "जेव रे लेका, सगळ्या तुझ्याचसाठी आहेत." आणि दोन वड्या उचलून माझ्या ताटात टाकल्या, आपल्याच ताटातल्या.

आईची आठवण आली, पण पोट भरलं होतं म्हणून फार टोचली नाही.

२६ डिसेंबर

काकू अकोल्याला गेल्या नाहीत. मी ट्रंक उचलायला गेलो तर ती हलकी लागली. लुगडी पुन्हा कपाटात. हरिहरमास्तरांना तार करायला पंत स्वतः गेले.

नियाजभाई मशीन न्यायला आले. मी त्यांना सांगितलं, पाहा, तुम्ही हसला होता, पण ताट आणलं आणि भांडण मिटलं की नाही? त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पंतांकडे पाहिलं. पंत ओसरीवर बसून निळ्या काठाच्या ताटात पोहे खात होते. नियाजभाई म्हणाले, "मिटलं बावा. तुयंच खरं." आणि या वेळी हसले नाहीत, माझ्या पाठीवर थाप मारली. हार मानावी ती अशी.

३१ डिसेंबर

इटारसीचं नाही म्हणून कळवलं. प्रदर्शन आहे, काम फार, असं नियाजभाईंना सांगितलं. खरं म्हणजे काकूंनी संक्रांतीला तिळाच्या पोळ्या करणार म्हणून सांगितलं आहे आणि ते सोडून जाणं बरं दिसणार नाही.

आज पंतांचे मित्र शेषराव आले होते, तेही वकील. मी माजघरात जेवत होतो. उठायला लागलो तर पंत म्हणाले, बस. शेषरावांनी माझ्याकडे बघून भुवया उचलल्या. पंत म्हणाले, "हा आमचा शांतवन. शांतवन पाटोळे." शांताराम म्हणायचं त्यांच्या ध्यानातच राहिलं नाही. वय झालं आता, विसरायचंच. शेषराव चहा न घेता गेले. पंत त्यांच्या मागे दारापर्यंतही गेले नाहीत, इतकी भूक लागली होती त्यांना.

एक तक्रार मात्र लिहून ठेवतो. पंत माझं ताट परत देत नाहीत. रोज त्यातच जेवतात, आणि घासायलाही कुणाला देत नाहीत. मला पितळी ताट पडलं आहे. ते चिंच लावून घासावं लागतं, हात दुखतात, आणि ओसरीवरचा रेडिओ सुटला तो सुटलाच. मी काकूंना म्हणालो, तुम्ही तरी सांगा त्यांना. त्या म्हणाल्या, "मी नाही बाप्पा. त्यायले ते शोभते."

काही हरकत नाही. पुढच्या नाताळाला दोन आणीन.